पंगतीत ज्वारी

माझा परकर भरला. पन्नास-साठ माणसांच्या देखत. भर दुपारी, देवासला, एका सरदारांच्या अंगणात.

मी दहा वर्षांची. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं, पण सरदारांच्या घरचा रुबाब काही विलीन झाला नव्हता. आई त्यांच्याकडे दळणाला, मोबदल्यात थोडी कणीक घरी यायची. बाप पागेवर, घोड्यांना खरारा करायचा. त्या दिवशी त्यांच्या मुलीचं लग्न. मोठ्यांच्या पंगती उठल्यावर आमची बसली, मागच्या अंगणात, गोठ्याला लागून. पत्रावळीवर बाफले. कणकेचे गोळे, आधी उकडलेले, मग गोवऱ्यांवर भाजलेले, तुपात बुडवलेले. वर लाडू, तोही गव्हाचाच.

पोळी किंवा बाफला खाल्ला की माझ्या पोटात कळ उठायची आणि धावत सुटावं लागायचं. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं; आई म्हणायची, पोरीचं पोटच नाजूक. हातपाय काटक्या, पोट घागर. मी नुसती डाळ प्यायले आणि बाफले बाजूला सारले.

सरदारांची बायको, बाईसाहेब, पंगतीतून फिरत होत्या. माझ्यापाशी थांबल्या.

"हे काय गं? एवढं तूप जन्मात पाहिलंयस का? गिळ मुकाट्यानं."

"पोटात दुखतं, बाईसाहेब."

"फुकटचं खाताना दुखतं होय! ताटात टाकलंस तर तुझ्या आईला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगेन."

मी आईकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली. मी गिळलं सगळं. तीन बाफले आणि लाडू.

मग खरकटं काढायला थांबलो. तासाभरात कळ आली. हातात पत्रावळींचा भारा, मधे सगळी वऱ्हाडी मंडळी विडा खात बसलेली. वाट कुठून काढू? नाही पोचले. तिथेच झालं सगळं. लाज वाटली म्हणणं फार थोडं आहे. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता मरावं.

बाईसाहेबांनी नाकाला पदर लावला. म्हणाल्या, "ज्वारीवर वाढलेली पोटं ही. गहू पचायला खानदान लागतं." आणि माणसं हसली. पोट धरधरून हसली. आईनं शेणानं ती जागा सारवली, मला बखोटीला धरलं आणि घरी आणलं.

मुळात माळव्यात गहू म्हणजे अब्रू. पाहुण्यापुढे ज्वारीची भाकरी ठेवली तर पाहुणा रुसून उठतो. ज्वारी खायची ती गरिबानं, मका खायचा तो भिलांनी. त्यामुळे बाईसाहेब म्हणाल्या ते मला खरंच वाटलं. आपण हलक्या, म्हणून आपलं पोट हलकं.

आईला खरं वाटलं नाही. तिनं नवस केला आणि त्या नवरात्रात मलाही नऊ दिवस उपास धरायला लावला. भगर, इकडे मोरधन म्हणतात ते. शिंगाड्याचं पीठ. उकडलेले बटाटे. चौथ्या दिवशी पोट थांबलं. नवव्या दिवशी मी देवीच्या टेकडीच्या पायऱ्या धावत चढले, आई मागून ओरडत होती, "अगं हळू, पडशील की!" शेजारच्या बाया म्हणाल्या, देवी पावली. दसऱ्याला पुऱ्या झाल्या. रात्रीपासून मी पुन्हा आडवी.

देवी पावते आणि दसऱ्याला सोडून जाते? आईला हे पटेना. अक्षराची ओळख नसलेली बाई, पण डोकं तेज. महिनाभर मला नुसती ज्वारी दिली. बरी. एक पोळी दिली. आडवी. पुन्हा महिना ज्वारी, पुन्हा एक पोळी. पुन्हा आडवी. मग तिनं कपाळावर हात मारला. "मेला गहूच वैरी आहे तुझा! आणि मी आपल्या हातानं भरवत होते, बाये." तेव्हा मात्र ती रडली. त्या दिवसापासून माझं दळण घालण्याआधी जात्यात मूठभर ज्वारी फिरवायची आणि ते पहिलं पीठ गाईला. जात्यात अडकलेला गव्हाचा कणसुद्धा मला नको म्हणून.

वैद्यबुवांना सांगितलं तर ते हसले. "गहू बाधतो? गहू तर बाळंतिणीला देतात." झालं.

मी अंगानं भरले. शिकले. सतराव्या वर्षी इंदूरला सुईणपणाच्या शिक्षणाला गेले आणि तिथे मीच माती खाल्ली. वसतिगृहात रोज पोळी. सगळ्या मुली चांगल्या घरच्या. आईनं दिलेलं ज्वारीचं पीठ मी ट्रंकेत कुलूप लावून ठेवलं आणि त्यांच्याबरोबर पोळी खाल्ली. ती का? बाईसाहेबांचं खानदान डोक्यात बसलेलं. तीन महिन्यांत वजन उतरलं, केस गळले, एक दिवस वॉर्डात चक्कर येऊन पडले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारून घेतलं. आईच्या नवरात्रापासून. मधे एकदाही हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझ्या आईनं जे शोधलं, ते विलायतेतल्या डॉक्टरांनाही आत्ता आत्ता कळतंय. याला सीलिअ‍ॅक म्हणतात. गहू नाही, जव नाही. जन्मभर नाही. बाकी तुला काही झालेलं नाही."

मी ट्रंक उघडली. पिठाला जाळी धरली होती. फेकलं आणि आईला पत्र लिहिलं, नवं पाठव. दोष आतड्यात होता. माझ्यात नव्हता, माझ्या आईत नव्हता, आमच्या पागेवरच्या कुणातच नव्हता. सात वर्षं मी उगाच मान खाली घालून चालले, याचा असा संताप आला की सांगता सोय नाही.

एकोणिसाव्या वर्षी धार जिल्ह्यात नेमणूक झाली, धरमपुरीकडे. गावोगाव फिरायचं. मोटारीनं, बैलगाडीनं, नर्मदा उतरायची तर नावेनं. एका खांद्याला बाळंतपणाची पेटी. दुसऱ्या खांद्याला पिशवी, तिच्यात पीठ, लहान तवा, मीठ, लसणाची चटणी. "भिया, जरा थांबा," म्हणून मोटारवाल्याला थांबवायचे, तीन दगड मांडायचे, भाकरी थापायचे. कसली भीती नाही. नावाड्याच्या बायकोला एकदा सांगितलं, गहू चालत नाही. ती म्हणाली, "गऊं नी खावे? तो कई हुयो, मक्की खई ले." संपला विषय. तिला खानदान नव्हतं ना, म्हणून.

खानदान भेटलं ते काकासाहेबांच्या घरी. संस्थानच्या काळातले कामदार, म्हणजे कारभारी, आता पंचक्रोशीत त्यांचा शब्द. त्यांच्या सूनबाई दोन दिवस अडल्या होत्या. आत शिरण्याआधी काकासाहेबांनी माझा बाप काय करतो ते विचारून घेतलं. मी सोडवलं. बाळ पायाळू, तरी दोघं सुखरूप. बाराव्या दिवशी बारशाचं बोलावणं आलं.

त्या पंगतीला नदीकाठच्या देवळातले एक शास्त्रीबोवाही होते. ते परान्न घेत नसत. ओसरीवर त्यांनी तीन विटांची आपली चूल मांडली, आपली कळशी, आपले तांदूळ. काकासाहेब स्वतः त्यांना लाकडं वाहत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगत होते, "बोवा बाहेरचं घेत नाहीत."

मी बायकांच्या पंगतीत बसले. भात घेतला, वरण घेतलं, भाजी घेतली. पुऱ्यांवर हात आडवा धरला आणि पिशवीतली भाकरी काढली. काकासाहेब आग्रह करत आले, हातात लाडवांचं ताट.

"हे काय आणलंस?"

"मला गहू चालत नाही, काकासाहेब. दुखणं आहे."

"आमच्या घरचं अन्न बाटलंय का?"

"तुमच्याच घरचं जेवतेय. फक्त गहू नाही."

"पागेवाल्याची पोर तू. आमच्या पंगतीत आपली शिदोरी सोडतेस? माज आलाय. ऊठ."

या वेळी मान, देवाशप्पथ, खाली गेली नाही.

"शास्त्रीबोवांनी चूल मांडली तर तुम्ही लाकडं वाहता. मी भाकरी काढली तर माज? त्यांना तुम्ही का म्हणून विचारलं नाहीत. मी तर न विचारता कारण सांगितलं. जेवण होईपर्यंत मी उठणार नाही."

मी भाकरी मोडली, वरणात कुस्करली आणि खाल्ली. शेवटच्या घासापर्यंत. सावकाश.

आठवड्यात धारच्या कचेरीतून, आमच्या मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं. काकासाहेबांनी कागद लिहिला होता, बाई उद्धट आहे, यजमानांच्या अन्नाचा अपमान करते. साहेब माणूस वाईट नव्हता. कागद-दौत माझ्यापुढे सरकवली. "बाई, दोन ओळी माफीच्या लिहा. नाहीतर मला तुम्हाला कन्नौदला धाडावं लागेल. तिकडे कुणी टिकत नाही."

मी लिहिलं. दोनच ओळी. "मी गहू खात नाही. याबद्दल मी कुणाचीही माफी मागणार नाही."

साहेबांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, बदलीवर सही केली.

कन्नौदला आले. इथेही सरदार आहेत, कामदार आहेत, सावकार आहेत. त्यांच्या लेकीसुना अडतील तेव्हा रात्री-अपरात्री मला बोलावतील आणि मी जाईन. अडलेल्या बाईला मी तिचं खानदान विचारत नाही. पण मग बारशाला बोलवाल, तेव्हा नीट ऐकून ठेवा. मी येईन. पुढच्या दारानं येईन, पुढच्या पंगतीत बसेन आणि माझी भाकरी तुमच्या पत्रावळीवर ठेवेन. मग मला उठवून दाखवा.