लिलीच्या आईचे बूट

आई गेल्याला आज पाच दिवस झाले. भटजींनी बाराव्याच्या दानाची यादी दिलीय, तीत छत्रीच्या खाली 'नव्या चपला' लिहिलंय. म्हणून दादरच्या दुकानात येऊन बसलेय. दुकानदाराने खोका उघडला. नव्या चामड्याच्या वासासरशी तीस वर्षांपूर्वीचं लिलीचं घर आठवलं.

लिली माझी ऑफिसातली मैत्रीण. तिची आई वारली तेव्हा मी आईला सोबत घेऊन गेले होते. शवपेटी उघडीच होती. म्हातारी निळ्या फ्रॉकमध्ये, बोटांत जपमाळ, ओठांना किंचित लाली. माणसं वाकून तिच्या कपाळाचं चुंबन घेत होती. आई सवयीने पायांशी गेली आणि हात जोडता जोडता थबकली. पायांत पॉलिश केलेले बूट होते.

"लिली, बूट काढायचे राहिले गं," ती हळूच म्हणाली.

"नाही काकी, घालूनच पाठवायचं. लांब जायचंय तिला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही फणसवाडीला घरी परतलो. जिन्यात आई म्हणाली, "त्यांचं बरंय. आपण चपला दान देतो त्या बाराव्याला. तोवर अनवाणीच की गं!" तेव्हा मी हसले होते.

"घालून बघा ना ताई, नरम आहेत," दुकानदार म्हणाला.

"माझ्यासाठी नकोत," एवढंच बोलले.

बाराव्याला अजून सात दिवस आहेत. आईच्या टाचांना फार भेगा होत्या.