चैत्रातलं कोरं अंगण

चित्राला भाषा लागत नाही, असं कुणी म्हणालं की मला राग येतो. लागते, आणि दोघांची भाषा वेगळी निघाली तर जिवावर बेततं. हे मी आमच्या दारात शिकले, हैदराबाद शहरात, कोठी भागाच्या मागच्या गल्लीत.

सत्तेचाळीसचा ऑगस्ट उलटून गेला होता, पण हैदराबाद संस्थान अजून हिंदुस्थानात सामील झालेलं नव्हतं. पलीकडचा तिरंगा दारात लावणं म्हणजे तुरुंग. वडील संस्थानच्या महसूल कचेरीत कारकून होते. मोठा भाऊ त्या हिवाळ्यात कॉलेज सोडून सरहद्दीपलीकडे चळवळीच्या छावणीत गेला होता. शेजारीपाजारी आम्ही सांगून ठेवलं होतं की छातीच्या दुखण्यामुळे तो परभणीला मामाकडे आहे. खरं बाहेर आलं असतं तर वडिलांची नोकरी गेली असती. तो हाती लागला असता तर काय झालं असतं, हे घरात कुणी बोलत नव्हतं.

चैत्र आला. गौरीच्या तीजेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत आमच्याकडे दारात रोज चैत्रांगण काढतात. मधोमध झोपाळ्यावर गौर आणि भोवती सूर्य, चंद्र, शंख, चक्र, कासव, नाग, गाईची पावलं, ध्वज. आई चक्राला भरपूर आरे काढायची, कारण तिची आईही तसेच काढायची. मी सोळा वर्षांची होते आणि रंग भरायचं काम माझ्याकडे होतं. ध्वजात मी नुसता केशरी भरला. खाली हिरवा भरू नये एवढी अक्कल मला होती.

गल्लीच्या तोंडाशी पानवाल्याशेजारी स्टूल टाकून एक पोलीस जमादार बसायचा. एका सकाळी तो उठून आमच्या दारात आला आणि मान तिरकी करून रांगोळीकडे बघत राहिला. वडील बाहेर गेले.

"साब, ये कौन निकाल्या?"

"घर की औरतां. देवी का है, हर साल का."

"झंडा भी है, चक्कर भी है. ये उधर के झंडे का चक्कर है ना?"

"नहीं जी, वो विष्णु भगवान का."

"हौ, होइंगा. मगर मेरे कू झंडा दिखरा. ऊपर वाले पूछे तो मैं क्या बोलूं?"

तो उर्मट असता तर बरं झालं असतं. त्याला खरोखरच झेंडा दिसत होता, आणि त्याने म्हटल्यावर मलाही गौर दिसेना, चक्र आणि ध्वजच काय ते दिसायला लागले.

तो गेल्यावर वडिलांनी बादली आणून सगळं धुऊन टाकलं.

"आता काही काढायचं नाही," ते आईला म्हणाले.

"अहो, निदान दोन रेघा तरी. सुतक असल्यासारखं दिसतं."

"दिसू दे. सुतकाने नोकरी जात नाही."

आमच्यात घरात कुणी गेलं तरच दार रांगोळीविना राहतं, आणि चैत्रात तर दुसरं कारणच नसतं. आई बोलायची कमी, पण हट्टाला पेटली की कुणाचं ऐकायची नाही. कोऱ्या दारातून मी पाऊल बाहेर टाकणार नाही, असं तिने सांगितलं आणि टाकलं नाही. हळदीकुंकू बंद, देऊळ बंद. बेगम बाजारातून डाळ आणि मसाला वडीलच आणायला लागले, खाली मान घालून. मला त्यांचा संताप येत होता आणि काळजीही त्यांचीच वाटत होती.

भावाची काही खबर नव्हती. आमची खबर मात्र त्याच्याकडे जात होती, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. बेगम बाजारातल्या एका व्यापाऱ्याचा गुमास्ता माल घेऊन सरहद्दीपर्यंत जायचा. भावाने त्याला सांगून ठेवलं होतं, आमच्या घरावर नजर असेल, दार वाजवू नकोस, नुसता गल्लीतून जा आणि काय दिसतं ते येऊन सांग. तो गेला. चैत्र महिना, दार कोरं, आई कुठे दिसत नाही, वडिलांची मान खाली. तेलुगू माणूस असता तर त्याने कुणाला तरी विचारलं असतं. हा मराठी होता, त्याला विचारायची गरज वाटली नाही.

चैत्र सरत आला होता. भर दुपारी मी दारात उभी असताना गल्लीच्या तोंडाशी एक तरुण दिसला, डोकं आणि मिशा सफाचट, अंगावर पांढरं धोतर. जमादाराने उठून त्याला अडवलं. चालीवरून मी भावाला ओळखलं. तो जमादाराशी काहीतरी बोलला. जमादाराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाजूला झाला.

"कधी गेली गं?" आत आल्या आल्या त्याने मला विचारलं. मला काही कळेना.

तेवढ्यात आई ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने त्याचं मुंडण पाहिलं. वडील कचेरीत होते. तिचा हात कपाळावरच्या कुंकवाकडे गेला आणि ती मटकन खाली बसली.

"कचेरीत काही झालं का रे? ह्यांना..."

"बाबा नाही," तो म्हणाला. "तू. तू गेलीस असं कळलं." आणि तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला.

वडील आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता. वाटेत जमादाराने त्यांना थांबवलं होतं. "तुमारा बेटा बोला, अम्मा गुजर गए. हमना बताए भी नहीं साब." वडिलांनी होकारार्थी मान हलवली होती. आता कुणी ते खोडून काढायच्या आत भावाला निघायला हवं होतं.

ऊन उतरल्यावर वडील आणि भाऊ दोघे निघाले. आईला दाराशी येता येईना. जमादाराच्या लेखी ती गेलेली होती. ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली आणि मी उंबरठ्यात.

"दिसतोय का?"

"दिसतोय."

"आणि तो जमादार?"

"उठून उभा राहिलाय. अडवत नाहीये."

"वळला?"

"वळला."

"मागे बघितलं का गं त्याने?"

नव्हतं बघितलं. आई गेलेला मुलगा घराकडे वळून कुणाला बघणार? आई आत उभी आहे हे त्यालाही जमादारापासून लपवायचं होतं.

"हो," मी म्हणाले. "बघितलं."