गाडीतला पंखा आणि अम्माची झोप

मंडळी, हे गाडीत बसूनच लिहितेय. गाडी दारातच उभी आहे, चावी फिरवलेली आहे आणि आतला पंखा मला बंद करवत नाही.

आज अम्माला मोहोळला मावशीकडे न्यायचं होतं. निघताना बघते तर गाडीत हवाच येईना. हीटर लावा की एसी, वारा फेकणारा पंखा एकच, आणि तोच गप्प. फ्यूज पाहिला, चांगला होता. मोटर जळाली, असं मी ठरवूनच टाकलं.

अम्माचं आयुष्य यंत्रमागावर गेलंय. तिने डॅशबोर्डला कान लावला.

"मोटर चांगली हाय की. बारीक गुणगुणतीय. पात्याला कायतरी गुंडाळलंय बघ."

समोरचा कप्पा काढला, खालचे तीन स्क्रू सोडवले, पंखा हातात आला. पात्यांभोवती सुताचा लाल-हिरवा कापूस घट्ट बसलेला. गेल्या वर्षापर्यंत गाडी आमच्या मागांच्या शेडला लागूनच असायची. माग विकले, शेड रिकामी झाली, चादरींचा कापूस मात्र इथे राहिला.

सगळा काढून पंखा बसवला. बटण फिरवताच उरलेले तंतू उन्हात चमकत गाडीभर तरंगले. मागोमाग एकसुरी घरघर सुरू झाली.

माग थांबल्यापासून अम्माला दुपारची झोप नव्हती. "घर लई गप झालंय," म्हणायची. आत्ता सीटवर मान टाकून गाढ झोपलीय. मुठीत तो लाल कापूस.

मावशीला उशीर होईल म्हणून कळवलंय. बॅटरी उतरली तर उतरू दे.

तुमच्या घरातला कुठला आवाज थांबलाय?