रिकाम्या जागेतलं शून्य

रत्नागिरीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात मी तेव्हा लोटे एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्यासाठी पार्सर लिहीत होते. टाक्यांवरच्या मीटरकडून ओळीच्या ओळी यायच्या. त्यातून टाकी, वेळ, तापमान वेगळं काढायचं, एवढंच त्या प्रोग्रामचं काम. पण कारखान्यात याच कामाची एक जुनी लायब्ररी, म्हणजे आधीच लिहिलेला तयार कोड होता आणि आलेख तिच्यावरच चालायचे. दोघांचं जुळायला हवं होतं. म्हणून मी युनिट टेस्ट लिहिल्या: एकच ओळ दोघांना द्यायची आणि उत्तरं ताडून पाहायची.

एक सोडून सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या, म्हणजे उत्तरं जुळली. तापमानाची जागा रिकामी असली की माझा पार्सर म्हणे ‘नोंद नाही’, जुनी लायब्ररी म्हणे शून्य.

“तूही शून्य टाक आणि मोकळी हो,” साहेब म्हणाले. मला ते पटेना. ती लायब्ररी लिहिणारे काका निवृत्त होऊन अलोऱ्याला राहत होते. त्यांना फोन केला.

“फोनवर काय कळणार? लॅपटॉप घेऊन ये,” ते म्हणाले.

शनिवारी एसटीने गेले. काकूंनी घावणे पुढे ठेवले. काकांनी ती लाल टेस्ट नीट पाहिली.

“शून्य माझंच. रिकामी जागा आली की आलेख बंद पडायचा, म्हणून घातलं. शून्य म्हणजे मीटर धुवायला काढलाय, हे सगळ्यांना ठाऊक होतं.”

“पण थंड मिठाच्या पाण्याची टाकी खरोखरच शून्य अंशावर आली तर?” मी भीत भीत विचारलं.

काकांनी ती टेस्ट पुन्हा एकदा वाचली. “हे मला कधी सुचलंच नाही गं.”

“म्हणजे इतकी वर्षं खोटंच लिहीत होतात,” काकू आतून म्हणाल्या, तसे ते खो खो हसले.

मी त्यांचाच कोड उघडून दिला. चष्मा सावरत त्यांनी स्वतः दुरुस्ती केली: रिकाम्या जागेला ‘नोंद नाही’च म्हणायचं आणि तिथे आलेखाची रेघ तुटू द्यायची. टेस्ट हिरवी झाली आणि काकांना चेवच चढला. पार्सर फसावा अशा वाकड्यातिकड्या ओळी वहीत लिहून ते मला देऊ लागले. एकीत स्वल्पविराम दोनदा, एकीत आकडे देवनागरी. देवनागरी ओळीवर माझाच पार्सर आडवा झाला.

“आता तू दुरुस्त कर,” काका मजेत म्हणाले.

ते होईपर्यंत शेवटची गाडी गेली, म्हणून त्यांच्याकडेच राहिले. सोमवारी साहेबांना सगळ्या हिरव्या टेस्ट दाखवल्या आणि त्यांचा फोटो काकांना पाठवला. त्यांनी उलट आणखी तीन वाकड्या ओळी तपासायला पाठवल्या.