परसातलं फाटक

दोन हजार सतराच्या दिवाळीनंतर माझ्या भाच्याचं लग्न ठरलं, आणि इतकी वर्षं कुणी ढुंकूनही न बघितलेलं आमचं परस एकदम महत्त्वाचं झालं. भाचा म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. दादा वापीला कारखान्यात नोकरीला आहे, तिथंच फ्लॅट घेऊन राहतो. सरावलीच्या घरात आई आणि मी. मी लग्न केलं नाही. तलासरीच्या बाजूला एका शाळेत शिकवते, सकाळी जाते ती संध्याकाळी येते.

साखरपुडा संक्रांत झाल्यावर आपल्याच घरी, मागच्या परसात करायचा असं दादानं ठरवलं. मलाही ते पटलं. परसाची पार रया गेली होती. फुटक्या कुंड्या, नारळाच्या झावळ्यांचा ढीग, धुण्याच्या दगडाभोवती शेवाळ. आणि कुंपण. वडिलांनी हौसेनं लोखंडी अँगल रोवून जाळी मारली होती. ते गेल्यानंतर त्याला रंगाचं बोट लागलं नव्हतं. आमच्याकडचा खारा वारा लोखंडाला सोडत नाही. अँगलचे पापुद्रे सुटले होते, नुसता हात टेकला तरी तळवा तांबडा व्हायचा.

दर रविवारी दादा मोबाइलमध्ये नवे फोटो घेऊन यायचा. इथं पेव्हर ब्लॉक, इथं हिरवळ, इथं झोपाळा, कुंपण सगळं पांढरं. मी म्हटलं, पांढरं नको, पहिल्याच पावसाळ्यात गंजाचे ओघळ दिसतील, गडद हिरवा लाव. त्यानं ऐकलं. मग आम्ही दोघांनी मिळून तारेच्या ब्रशनं अँगल घासायला घेतले. नाकातोंडात गंज जायचा, संध्याकाळी अंघोळीचं पाणी लाल व्हायचं. इतक्या वर्षांत आम्ही भावंडं एवढा वेळ एकत्र बसलो नव्हतो. ते रविवार मला आवडले होते, हे लिहून ठेवते. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

कुंपणाच्या मागच्या कोपऱ्यात एक फाटक आहे. पलीकडून पायवाट जाते ती थेट आदिवासी पाड्यावर. कुंपण घालताना आईनं हट्टानं ते ठेवून घेतलं होतं, कारण पाड्यावरची मावशी तिथून येते. मावशी आईच्याच वयाची. आमची शेती होती तेव्हा लावणीच्या चिखलात दोघींची ओळख झाली. शेती गेली, ओळख राहिली. मावशी फाटक ढकलून सरळ आत यायची, हाक मारायची पद्धतच नव्हती. मागच्या ओट्यावर बसायची, दोघी कोरा चहा प्यायच्या, एकमेकींच्या सुनांना नावं ठेवायच्या. पावसाळा लागला की रानातली शेवळं भाजीला घेऊन यायची, आमच्याकडून चिकू न्यायची. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी शाळेत गेले की आईला न्हाऊ घालणारी तीच होती. दादा त्या दिवसांत दोनदा येऊन गेला, सफरचंदं घेऊन.

एका रविवारी घासता घासता दादा म्हणाला, "हे फाटक बंद करून टाकू. सलग जाळी चांगली दिसेल."

"मग मावशी कुठून येणार?"

"पुढून. पुढे दार नाही का आपल्याला?"

"केवढा वळसा पडेल तिला."

"अगं, मुलीकडची माणसं येणार. मधूनच कोणीतरी मागून आत येतं, ओट्यावर बसतं, हे बरं दिसतं का?"

"कोणीतरी म्हणजे कोण?" मी विचारलं.

तो अँगलवर ब्रश जोरात घासू लागला. मग म्हणाला, "तू प्रत्येक गोष्टीचा विषय करतेस."

आई ओट्यावर वाल सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "फाटकाला हात लावायचा नाही."

"बरं, नाही लावत," दादा हसून म्हणाला. मला वाटलं, विषय संपला.

पुढच्या आठवड्यात वेवजीला आईच्या भावाच्या नातीचं लग्न होतं. "तुम्ही दोघी निवांत जाऊन या," दादानं फोन केला, "मी रजा टाकून येतो आणि रंगाचं काम उरकून घेतो." आम्ही गेलो. आई माहेरच्या माणसांत खुलली होती, परतताना रिक्षात गाणी गुणगुणत होती.

घरी आलो तेव्हा दादा परत गेलेला होता. कुंपण गडद हिरवं, चकचकीत. फाटकाच्या जागी लोखंडी पट्ट्या आडव्या वेल्ड केलेल्या, बिजागऱ्या कापलेल्या, वरून तोच हिरवा रंग. दिसायला ते खरोखर चांगलं दिसत होतं. त्यामुळे तर माझं डोकं आणखीच फिरलं. आईनं जाळीला हात लावला. रंग अजून ओला होता, तिची बोटं हिरवी झाली.

"ती येऊन गेली असणार," आई म्हणाली.

शेजारच्या काकूंनी सगळं पाहिलं होतं. मावशी सकाळी आली, नेहमीसारखं फाटक ढकलायला गेली, तर आतून रंगारी म्हणाला, "इथून बंद झालंय. मालकांनी सांगितलंय, पुढून या." ती थोडा वेळ उभी राहिली आणि पायवाटेनं माघारी गेली. पुढून आली नाही.

मी दादाला फोन लावला.

"साखरपुड्यापुरतं केलंय गं. नंतर काढून टाकू."

"वेल्डिंग साखरपुड्यापुरतं करतात?"

"एवढं काय त्यात? तिला पुढून यायला कुणी बंदी केलीय?"

"आम्ही घरात नसताना का केलंस?"

यावर तो म्हणाला, "तुम्ही असतात तर करू दिलं असतं का?" अगदी सहज म्हणाला. चोरी केली आणि वर कारण सांगितलं. मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा कळवली आणि डहाणू रोडला जाऊन वेल्डिंगवाल्याला गाठलं. पट्ट्या त्यानंच मारल्या होत्या. तो घुटमळला.

"परवाच तर बंद केलं, मॅडम. तुमच्या भावांना विचारलंत का?"

"त्यांनी मला विचारलं होतं का?"

तो सामान घेऊन आला. कटर चालला तशा ठिणग्या उडाल्या, नव्या रंगाला फोड आले, आजूबाजूची जाळी काळी पडली. आई काठी टेकून शेवटपर्यंत उभी होती. बिजागऱ्या नव्या बसवल्या.

रविवारी दादा आला, ते काळे डाग बघून ताडताड बोलला. घर त्याचंही आहे, साखरपुडा त्याच्या मुलाचा आहे, मी संसार केला नाही म्हणून मला माणसांची किंमत कळत नाही. हे शेवटचं वाक्य मी विसरलेली नाही. मी म्हटलं, "माणसांची किंमत तू मला शिकवू नकोस." आई एवढंच म्हणाली, "तू माझ्या पाठीमागे केलंस." साखरपुडा वापीच्या हॉलमध्ये झाला. आम्ही दोघी गेलो, पेढे वाटले, सगळ्यांशी गोड बोललो आणि संध्याकाळच्या आत घरी आलो.

मावशी मात्र येत नव्हती. शेवटी आई स्वतःच त्या पायवाटेनं पाड्यावर गेली. मी बरोबर येते म्हटलं तर नको म्हणाली. परत आली ती ओट्यावर बसून राहिली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, तुम्हीच बंद केलं, तुम्हीच उघडलं, मला कशाला सांगायला आलात?" आईनं काठी बाजूला ठेवली. "मला तुम्ही म्हणाली गं."

जन्मभर दोघी एकमेकींना अगं-तुगं करत आल्या होत्या. आई त्या दिवशी जेवली नाही. मला मावशीचा राग येत नव्हता. तिच्या जागी मी असते तर तेवढंही बोलले नसते.

पावसाळ्यात ती आली. फाटक सताड उघडं होतं, तरी बाहेरच उभी राहून तिनं हाक मारली. हातात शेवळांची जुडी. आई "आत ये, आत ये" करत राहिली, ती "इथंच बरी आहे" म्हणाली. मग आईनं मला दोन खुर्च्या उचलायला लावल्या आणि फाटकाबाहेर पायवाटेच्या कडेला मांडायला सांगितल्या. मावशी जरा वेळानं बसली. चहा मी तिथं नेऊन दिला. तेव्हापासून दोघी तिथंच बसतात.

उन्हाळ्यात भाच्याचं लग्न झालं होतं, गणपतीला दादा नव्या सुनेला घेऊन आला. परसात हिरवळ होती, झोपाळा होता, आणि आई कुंपणापलीकडे प्लास्टिकच्या खुर्चीत. तो तणतणत स्वयंपाकघरात माझ्याकडे आला.

"आईला रस्त्यावर बसवलंस? लोक काय म्हणतील?"

मी मोदकाचं सारण ढवळत होते. म्हटलं, "जाऊन तिलाच सांग, आत ये म्हणून. दोघींना सांग."

त्यानं खिडकीतून मागे बघितलं. मग पुढच्या खोलीत जाऊन बसला.