कापसाच्या ढिगातला हात

मी बी.एस्सी. झाले आहे, आमच्या घरातली पहिलीच. असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता आणि हे लिहितानाही नाही... म्हणूनच जास्त त्रास होतो.

आमचं गाव जवळा बाजारपासून सहा किलोमीटर. वेचलेला कापूस आम्ही घरातल्याच एका खोलीत भरतो, पार छतापर्यंत. त्या दुपारी दादा टेम्पो आणायला गेला होता. घरी मी आणि सुमन वहिनी, दोघीच. मला हिंगोलीच्या कॉलेजात पाठवायला घरचे तयार नव्हते, तेव्हा हीच वहिनी दादाशी आठ दिवस बोलली नव्हती.

"काहून हो ताई, बी.एस्सी.त गाठ मारायला शिकवलं न्हाई का?" माझं ढिलं गाठोडं बघून ती हसली.

"तो पेपर तुमचा," मी म्हणाले.

वरून कापूस काढायचा तर शिडी लागते. म्हणून सगळे करतात तसं आम्हीही दाराजवळ खालून ओढत होतो. ओढून ओढून ढिगात भुयार झालं होतं. "अजून एक गाठोडं निघतंय," म्हणत वहिनी चादर घेऊन आत शिरली... आणि वरचा सगळा ढीग खाली बसला. आवाज झाला नाही. कापसाचा आवाज होतच नाही.

मी दोन्ही हातांनी उपसू लागले. जितका काढावा तितका वरून येई. हाका मारल्या, पण अख्खी गल्ली वेचणीला गेलेली. दादाला फोन केला — "आलोच, पंधरा मिनिटं." पंधरा मिनिटं म्हणजे काय, हे मला कळत होतं.

मी खांद्यापर्यंत हात आत घातला, तर कुणीतरी मनगट धरलं.

"वहिनी, सोडू नका," मी ओरडले. पण तो हात बाहेर येत नव्हता. मलाच आत ओढत होता. माझं तोंड कापसात गेलं. आणि मग लक्षात आलं, या हातात बांगड्या नाहीत. वहिनीच्या हातात डझनभर होत्या.

मी हात झटकला आणि अंगणात पळाले. हौदाला धरून उभी राहिले. किती वेळ, ते माहीत नाही. पाय हलत नव्हते. आत वहिनी होती, तरी हलत नव्हते.

मग तोंडाला ओढणी बांधली, परत गेले आणि त्याच जागी हात घातला. त्याने लगेच धरला. "न्या कुठं न्यायचं ते," मी म्हणाले. मी सरळ उकरत होते, त्याने मला उजवीकडे नेलं, भिंतीकडे. डोक्यापासून कमरेपर्यंत कापसात शिरले, तेव्हा वहिनीचे केस हाताला लागले, आणि मनगट सुटलं.

दादा आला तेव्हा त्याला फक्त माझे पाय दिसत होते. त्याने आम्हा दोघींना ओढून काढलं. वहिनीचे दोन्ही हात छातीखाली, चादरीत गुंडाळलेले होते. तोंडात कापूस. तो बोटांनी काढला, तेव्हा कुठे तिने श्वास घेतला.

संध्याकाळी दादाने शेजाऱ्यांना घेऊन खोली फरशीपर्यंत रिकामी केली. आत काहीच नव्हतं.

"मी कुणाचाच हात धरला न्हाई ताई," वहिनी म्हणते. "मला तर हलताबी येत नव्हतं." आणि येईल त्याला सांगते, आमची ताई लई धीराची. हौदापाशी उभी होते, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

त्या हाताचं एवढंच आठवतं... त्याच्यात खूप जोर होता. मी झटकला तेव्हा त्याला मला धरून ठेवता आलं असतं. त्याने सोडलं. मी परत गेलेच नसते तर —