दादाचं पाणी

आमचा दादा बसड्रायव्हर. तीस वर्षं त्याचा एकच नियम: ड्युटीवर पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, कारण मध्येच उतरणार कुठे? त्यात वर्षापूर्वी माझ्या दोन्ही किडन्या बसल्या. डायलिसिस सुरू झालं आणि माझ्या वाट्याला दिवसाला मोजून अर्धा लिटर पाणी आलं. तेव्हापासून हा शहाणा घरीसुद्धा माझ्यासमोर पाणी पीत नाही. स्वयंपाकघरात जाऊन चोरून एखादा घोट घेतो.

त्याचीच एक किडनी मला मिळणार होती. शेवटची एक तपासणी राहिली होती: शिरेतून जरासं किरणोत्सारी औषध सोडायचं आणि कुठली किडनी किती काम करते ते कॅमेऱ्याने बघायचं. त्यात तो पास झाला तरच पुढचं.

त्या दिवशी सकाळी दादा जुन्या-नव्या तपासण्यांच्या सूचनांचे तीन कागद पसरून बसला होता.

"रक्ताला उपाशीपोटी. सोनोग्राफीला लघवी धरून. आणि आता म्हणे भरपूर पाणी प्या आणि लघवीला जाऊन या! मी काय पाण्याची टाकी आहे?"

"अरे, आजचा कागद वाच ना नीट!"

"वाचूनच डोकं गरगरतंय. उद्यापर्यंत नातवाला उचलायचं नाही म्हणे. त्याला काय सांगू, आजोबा आज तापलेत?"

मलाही धड काही कळेना. मी साडी बदलायला गेले.

दवाखान्यात तपासणी करणाऱ्या बाईंनी विचारलं, "काका, पाणी किती प्यायलात?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. "झालं की."

"किती?"

"चूळ भरली."

"अहो काका! अंगात पाणी नसलं तर चांगली किडनीसुद्धा मंद दिसते. आता लिटरभर प्या, मग लघवीला जाऊन या. नाहीतर पुढच्या महिन्याची तारीख घ्या."

पुढचा महिना कुणी पाहिलाय?

दादा बाटली घेऊन दाराकडे निघाला.

"कुठे चाललास?"

"बाहेर. तू बस इथे."

"इथेच पी. माझ्यासमोर."

"तुझा घसा कोरडा, आणि मी घटाघटा..."

माझा पाराच चढला. "अरे वेड्या, तुझ्या किडन्यांतली एक माझी आहे ना? मग तिला वर्षभर तहानलेली का ठेवतोस?"

तो परत येऊन बसला आणि बाटली तोंडाला लावली. एवढा धिप्पाड माणूस, रडत होता आणि पीत होता. खरं सांगते, तहानेने माझा जीव जात होता. तरी तो थांबला की मी म्हणायचे, "अजून."